पळणं जमते, पण छाती भरत नाही? शाकाहारी पोरांनी अंग धरायचं कसं

यवतमाळ : पोलीस भरती असो की अग्निवीर, जिल्ह्यातल्या गावागावांत पहाटे अंधारातच पोरं डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात. दम चांगला असतो, अंग शेतात राबलेलं असतं. अडचण होते ती छातीला टेप लागल्यावर. पोलीस शिपाई भरतीत मुलांची उंची किमान १६५ सेंटिमीटर आणि छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर लागते. फुगवल्यावर ती आणखी ५ सेंटिमीटर वाढली पाहिजे. मैदानी चाचणीच्या ५० गुणांत १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ गुण असतात. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा. पळण्यात पुढे असलेला बारीक पोरगा टेपात नाहीतर गोळ्यात मागे पडतो, आणि वर्षभराची मेहनत पाण्यात जाते.

मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणते अंडी-चिकन खाल्ल्याशिवाय अंग भरत नाही, कोणी पावडरचा डबा घ्यायला सांगते. जिल्ह्यात माळकऱ्यांची, महानुभावांची कितीतरी घरं आहेत, जिथं अंडंही चालत नाही. तिथल्या पोरानं करायचं काय? सरळ उत्तर असं, की घरातला नेम मोडायची गरज नाही आणि डबा आणायचीही नाही. लागणारी बहुतेक वस्तू आपल्याच शेतात पिकते. कमी पडते ती ताटात.

वजन का वाढत नाही?

शरीराचा हिशोब घरखर्चासारखाच आहे. जेवढं कमावलं तेवढं खर्चलं तर शिल्लक राहत नाही. ५० किलोचा मुलगा ५ किलोमीटर धावला की साधारण २५० कॅलरी खर्च होतात. म्हणजे एका मोठ्या भाकरीपेक्षा थोडं जास्तच. त्यात सायकलनं कॉलेज, संध्याकाळी कबड्डी, पावसाळ्यात डवरणी आणि दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी. वरून या वयात उंचीही वाढत असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं १६ ते १८ वर्षांच्या, साधारण ६४ किलो वजनाच्या मुलाची रोजची गरज ३,३२० कॅलरी धरली आहे. नुसत्या भाकरीत मोजलं तर पंधरा भाकरींएवढं हे अन्न होते. बारीक पोरगं ‘मी तर भरपूर खातो’ म्हणते, पण बहुतेक वेळा दिवसातून दोनदाच जेवते. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी उशिरा जेवण आणि रात्री थकून दोन घास. दोन जेवणांत एवढं अन्न पोटात मावतच नाही. म्हणून पहिला बदल म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा खायचं. पोट तडस लागेपर्यंत भरायची गरज नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या आईबापांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या वयात मुलगा आधी उंच होतो, अंग नंतर भरते. पोरगं खेळतं-बागडतं आहे, उंची वाढते आहे, तर बारीक असणं हा रोग नाही.

प्रथिनं किती, आणि कशातून?

स्नायू बांधायला प्रथिनं लागतात. साध्या तब्येतीसाठी १६ ते १८ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५ ग्रॅम पुरतात. व्यायाम करून अंग वाढवायचं असेल तर वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत लागतात. म्हणजे ५० किलोच्या मुलाला ८० ग्रॅम.

कच्च्या मालाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण एवढी प्रथिनं असतात :

- सोयाबीन : ३६ ग्रॅमच्या वर
- सोयाबीनच्या वड्या : ५० ग्रॅमच्या आसपास
- शेंगदाणे : २५ ग्रॅम
- तूरडाळ, मटकी, बरबटी : २२ ते २४ ग्रॅम
- फुटाणे, बेसन : २० ते २२ ग्रॅम
- ज्वारी, गहू : १० ते १२ ग्रॅम
- दूध, एक मोठा ग्लास : ८ ग्रॅम

‘डाळीतली प्रथिनं अर्धवट असतात’ असं जिममध्ये सांगितलं जाते. त्यात अर्धंच खरं आहे. प्रथिनं वेगवेगळ्या घटकांची बनलेली असतात. डाळीत एक घटक कमी असतो, तो ज्वारी-गव्हात मिळतो. ज्वारी-गव्हात जो कमी तो डाळीत भरपूर असतो. भाकर आणि बेसन, वरण आणि पोळी, खिचडी, ही जोडी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. दोन्ही एकाच घासात असायला पाहिजे असंही नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं म्हणजे झालं.

चूक होते ती पातळ वरणात. चार माणसांच्या घरात मूठभर डाळीचं पाणीदार वरण केलं तर एकाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन ग्रॅम प्रथिनं येतात. डाळ घट्ट पाहिजे, आणि वाटी भरून पाहिजे.

एका दिवसाचं ताट

- पहाटे पळायच्या आधी : एक केळ किंवा गुळाचा खडा
- पळून आल्यावर : मूठभर भिजवलेले शेंगदाणे, एक ग्लास दूध (१५ ग्रॅम प्रथिनं)
- न्याहारी : दोन ज्वारीच्या भाकरी आणि घट्ट बेसन (२० ग्रॅम)
- दुपारी : तीन पोळ्या, भात, वाटीभर घट्ट वरण किंवा डाळभाजी (२० ग्रॅम)
- चार वाजता : दोन मुठी फुटाणे, सोबत गूळ (१० ग्रॅम)
- रात्री : दोन भाकरी, मटकी, बरबटी किंवा हरभऱ्याची उसळ (२० ग्रॅम)
- झोपायच्या आधी : एक ग्लास दूध, किंवा जेवणात वाटीभर दही (५ ते ८ ग्रॅम)

बेरीज ९० ग्रॅमच्या आसपास जाते. डाळी-धान्यातली प्रथिनं दुधापेक्षा थोडी कमी पचतात, म्हणून हिशोब जरा वरचढच ठेवलेला बरा. भाकरीवर जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी आणि तेलाची धार घेतली तर पोट न फुगता कॅलरी वाढतात. दूध नसलेल्या घरात फुटाणे किंवा सोयाबीनच्या वड्या वाढवाव्या.

हे सगळं एकाच दिवशी सुरू करू नये, पोटात गॅस धरते. दर आठवड्याला एकेक गोष्ट वाढवावी. कडधान्य रात्री भिजवून, मोड आणून शिजवलं तर पचायला सोपं जाते.

घरचं सोयाबीन : खा, पण या दोन गोष्टी पाहा

२०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे किलोला जेमतेम ५३ रुपये, आणि त्या एका किलोत साडेतीनशे ग्रॅमच्या वर प्रथिनं. आपण पोतं भरून बाजार समितीत नेतो आणि पोरगं शहरातून दोन हजारांच्या आसपासचा किलोभर डबा आणते. घरी पाच-दहा किलो ठेवलं तर काय बिघडते?

पण सोयाबीन कच्चं किंवा नुसतं भिजवून खाऊ नये. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं जातो. निवडलेले दाणे उकळत्या पाण्यात टाकून वीस-पंचवीस मिनिटं उकळावे, कडक उन्हात वाळवावे आणि मग गव्हासोबत दळून आणावे. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन पुरे. पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं बियाणं कधीच खाऊ नये. धुतलं, उकळलं तरी नाही. पिशवी घरात धान्याजवळ ठेवूच नये.

खाऊन बसलं तर पोट सुटते, अंग भरत नाही

स्नायू वाढायला त्यांच्यावर भार पडला पाहिजे. त्यासाठी मशीन लागत नाही. शेजारच्या अमरावतीत १९१४ पासून चालत आलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात पिढ्यांनी दंड, बैठका आणि मल्लखांबावरच शरीर कमावलं. तिथलं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, एवढं करावं : दंड, बैठका, फांदीला किंवा बारला लटकून पुलअप, आणि दहा किलो वाळूची पिशवी खांद्यावरून डोक्यावर उचलणं. प्रत्येकाच्या तीन फेऱ्या. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजे. बारा सहज जमायला लागले की पाठीवरच्या दप्तरात वाळू टाकून भार वाढवावा. अग्निवीरच्या चाचणीत दहा पुलअपला पूर्ण ४० गुण आहेत, तेही यातच साधते. गोळाफेकीची ताकद नुसत्या दंडात नसते. ती पायातून, कंबरेतून वर येते, म्हणून बैठका टाळू नये. जोश दाखवायला भरलेलं पोतं मात्र उचलू नये. पाठ एकदा गेली की भरतीही गेली.

पळणं बंद करायचं नाही, पण वजन वाढवायच्या काळात रोज आठ-दहा किलोमीटरही नको. तीन-चार दिवस पळणं पुरे. स्नायू झोपेत बांधला जातो. पहाटे साडेचारला उठायचं तर रात्री साडेआठ-नऊला मोबाईल बाजूला गेला पाहिजे.

मुलींना छातीच्या मापाची अट नाही. उंची किमान १५५ सेंटिमीटर लागते, ८०० मीटर धावणं आणि ४ किलोचा गोळा असतो. ताट आणि व्यायाम हाच. घरात मुलीच्या वाटीतही वरण तेवढंच घट्ट पडलं पाहिजे.

डबे, पुड्या आणि इंजेक्शन

राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ च्या आहारविषयक सूचनांमध्ये अंग वाढवायला प्रोटीन पावडर टाळा असं सांगितलं आहे. पावडर दूध-डाळीला पर्याय नाही, आणि ताटच अपुरं असेल तर तिचा उपयोगही होत नाही.

‘पंधरा दिवसांत वजन’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या आणि बिननावाच्या पुड्या त्याहून वाईट. त्यात स्टेरॉइड असू शकते. चेहरा सुजतो, अंगात पाणी धरते, काटा वर जातो आणि घेणाऱ्याला वाटते तब्येत आली. ताकद येत नाही, उलट हाडं कमजोर होतात, साखर आणि बीपी वाढते. जिममधली स्नायू वाढवायची इंजेक्शनं कोवळ्या वयात घेतली तर उंची खुंटू शकते.

आधी तपासणी कोणी करावी?

वजन आपोआप उतरत असेल, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, खूप तहान आणि वारंवार लघवी होत असेल, तर आहार बदलत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. हा क्षयरोग किंवा मधुमेहही असू शकतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारावं.

आपल्या भागात सिकलसेल आहे, हे विसरून चालत नाही. ज्याला सांधे दुखणं, वारंवार कावीळ, लवकर धाप लागणं असा त्रास आहे किंवा घरात कोणाला सिकलसेल आहे, त्यानं भरतीची तयारी सुरू करायच्या आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासावं. वाहक असलेल्यानंही उन्हाळ्यात भर उन्हात, पाणी न पिता जोर लावणं धोक्याचं आहे.

शाकाहारी मुलात रक्त आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्व कमी असू शकते. ब-१२ दूध-दह्यातूनच मिळते, डाळीत नसते. सतत थकवा, हातापायांना मुंग्या असतील तर तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्यावी. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि मोहिमेतली जंताची गोळी फेकू नये. जेवणासोबत चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही, त्याऐवजी लिंबू पिळावं.

किती दिवसांत फरक पडेल?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी वजन करून वहीत लिहावं. छातीचं मापही महिन्याला घ्यावं. आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढ म्हणजे बरोबर चाललं आहे. दोन आठवड्यांत काटा हलला नाही तर रोजच्या खाण्यात एक भाकर आणि मूठभर शेंगदाणे वाढवावे. वजन वाढते पण फक्त पोटच दिसते, तर व्यायाम कमी पडतो आहे.

हाडांचा साचा बदलत नाही, म्हणून सगळ्यांची छाती सारखी वाढणार नाही. पण नेमानं खाल्लं आणि भार घेतला तर तीन-चार महिन्यांत माप आणि गोळा दोन्हीत फरक पडतो. जाहिरात निघाल्यावर सुरुवात केली तर तेवढा वेळ हाती राहत नाही. ज्याला पुढच्या भरतीत उतरायचं आहे, त्यानं आजच छाती मोजून वहीत पहिला आकडा लिहावा आणि संध्याकाळी हरभरा भिजत घालावा.