मॅन्युअल थेरपीचे प्रमाणपत्र : करिअरला किती उपयुक्त?

केळीचे घड वाहून नेणारा रावेर-यावलचा मजूर, मुंबई-आग्रा महामार्गावर तासन्‌तास गाडी चालवणारा धुळ्याचा चालक, जळगावच्या सराफ बाजारात मान खाली घालून दागिने घडवणारा कारागीर आणि संगणकापुढे दिवस काढणारा कार्यालयीन कर्मचारी यांचे व्यवसाय भिन्न असले, तरी कंबर, मान वा खांद्याचे दुखणे यांपैकी कोणालाही चुकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. उसण भरली वा चमक निघाली की मालिश करणाऱ्याकडे किंवा हाडवैद्याकडे जाण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. आता मात्र असे अनेक रुग्ण फिजिओथेरपिस्टकडे येऊ लागले आहेत. त्यामुळेच पदवी हाती पडताच 'मॅन्युअल थेरपीचा कोर्स करावा का?' हा प्रश्न खान्देशातील तरुण फिजिओथेरपिस्टपुढे उभा राहतो. कोर्सची फी, पुण्या-मुंबईचा प्रवास आणि तेथील मुक्काम यांचा खर्च बहुधा पालकांच्याच खिशातून होत असल्याने या प्रश्नाचा नीट विचार होणे आवश्यक आहे.

हस्तोपचार म्हणजे काय?

भारतात फिजिओथेरपीच्या औपचारिक शिक्षणास १९५३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात आरंभ झाला. पोलिओग्रस्तांचे पुनर्वसन ही त्या काळाची निकड होती. आज महाराष्ट्रात हे शिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली दिले जाते. जळगावातही डॉ. उल्हास पाटील फिजिओथेरपी महाविद्यालयामुळे त्याची सोय झाली आहे. या पदवी अभ्यासक्रमात हस्तोपचाराची मूलतत्त्वे शिकवली जातात. प्रमाणपत्र अभ्यासक्रमात त्यांचा सखोल सराव अपेक्षित असतो.

मॅन्युअल थेरपी म्हणजे मालिश नव्हे. सांध्याची हालचाल कोठे अडते, कोणत्या दिशेने दुखते आणि कोणत्या दिशेने आराम पडतो, याची हाताने पद्धतशीर तपासणी करून त्यानुसार उपचार करण्याचे हे शास्त्र आहे. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलँड यांनी सांध्याला द्यावयाच्या हालचालींच्या श्रेणी ठरवल्या. पहिल्या दोन श्रेणींतील हलक्या हालचाली मुख्यतः वेदना शमवण्यासाठी, तर तिसऱ्या व चौथ्या श्रेणीतील हालचाली आखडलेला सांधा मोकळा करण्यासाठी वापरतात. वेगाने झटका देण्याचे तंत्र त्यापुढचे असून त्यास विशेष प्रशिक्षण लागते. न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन यांच्या पद्धतीत उपचारक सांध्याला आधार देत असतानाच रुग्ण स्वतः हालचाल करतो आणि ती वेदनारहित असावी लागते. त्याच देशाचे रॉबिन मॅकेन्झी यांनी रुग्णाने स्वतः वारंवार करावयाच्या हालचालींवर भर दिला. या पद्धतींचे अभ्यासक्रम भारतातही होतात आणि त्यांपैकी काहींच्या अखेरीस लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा असते.

प्रमाणपत्राने काय मिळते, काय मिळत नाही?

हे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे आणि व्यवसायाचा परवाना तर नव्हेच, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. व्यवसायाचा अधिकार पदवी आणि परिषदेकडील नोंदणी यांतून मिळतो. महाराष्ट्रात त्यासाठी २००२ चा राज्य कायदा झाला. पुढे २०२१ मध्ये केंद्राने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि २०२५ मध्ये या आयोगाने फिजिओथेरपीचा देशभरासाठी एकसमान अभ्यासक्रम जाहीर केला. शासकीय नोकरीतही पदवी व नोंदणी यांनाच महत्त्व असते. महाविद्यालयात अध्यापन करू इच्छिणाऱ्यांना पदव्युत्तर पदवीवाचून गत्यंतर नाही. प्रमाणपत्रांची कितीही मोठी चळत तिची जागा घेऊ शकत नाही.

परदेशी जाण्याच्या दृष्टीनेही हेच खरे. ब्रिटनमध्ये तेथील आरोग्य व्यवसाय परिषदेची नोंदणी लागते, तर अमेरिकेत पदवीचे मूल्यमापन होऊन राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मॅन्युअल थेरपीचे प्रमाणपत्र अर्जाला वजन देईल, परंतु दार उघडणार नाही.

मग त्याचा उपयोग कोठे? तो प्रामुख्याने स्वतःच्या क्लिनिकमध्ये आणि अस्थिरोग रुग्णालयांशी संलग्न विभागात. जळगाव वा धुळ्यासारख्या शहरात रुग्ण जाहिरात वाचून क्वचितच येतो. अस्थिरोगतज्ज्ञाची चिठ्ठी आणि बऱ्या झालेल्या रुग्णाने शेजाऱ्याला दिलेला सल्ला, हेच येथील रुग्ण येण्याचे दोन मुख्य मार्ग. आखडलेला खांदा किंवा मानदुखी यांत नेमकी तपासणी करून गुण देणाऱ्याचे नाव अशा शहरात लवकर पसरते. अर्थात, भिंतीवर टांगलेल्या कागदापेक्षा हाताचा गुणच येथे महत्त्वाचा ठरतो.

अर्थकारणाचा विचार

याला आर्थिक बाजूही आहे. आपल्याकडे अनेक रुग्णांच्या मनात फिजिओथेरपी म्हणजे 'शेक', 'मशीन' किंवा 'वजन लावणे' असे समीकरण बसलेले असते. यंत्रांवर एका वेळी तीन-चार रुग्ण ठेवता येतात. हस्तोपचारात मात्र उपचारकाचा स्वतःचा वेळ आणि शारीरिक श्रम एकाच रुग्णासाठी खर्च होतात. एका रुग्णास अर्धा तास दिला, तर सायंकाळच्या चार तासांत आठच रुग्ण पाहता येतील. शुल्क पूर्वीचेच ठेवले तर प्रमाणपत्रानंतर उत्पन्न घटण्याचीही शक्यता असते, आणि शेतमजुराला वाढीव शुल्क परवडेलच असे नाही. हातांनी उपचार व घरी करावयाचे व्यायाम यांची सांगड घालून बैठकांची संख्या कमी करणे, हा त्यावरील व्यवहार्य मार्ग आहे. पाच-दहा बैठकांसाठी रोज बस पकडून येणाऱ्या ग्रामीण रुग्णाची बुडणारी मजुरी लक्षात घेतली, तर तो रुग्णाच्याही हिताचा आहे.

संशोधनाचा कौलही याच दिशेचा आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी हस्तोपचाराची शिफारस केली, ती केवळ व्यायामासह होणाऱ्या एकत्रित उपचाराचा भाग म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही शिक्षण, व्यायाम आणि हस्तोपचार यांना एकत्रच स्थान आहे. हस्तोपचार हा संपूर्ण उपचार नसून त्याचा एक भाग आहे, हे शिकवणारा अभ्यासक्रमच चांगला समजावा.

जोखीम विसरू नये

प्रत्येक कंबरदुखी स्नायूंची नसते. मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही आढळतो. सतत ताप, अकारण वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग, वृद्धेची ठिसूळ हाडे, मांड्यांच्या आतील भागात बधिरता किंवा लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास मणक्याला हात न लावता रुग्णास तातडीने डॉक्टरांकडे पाठवणे हेच खरे कौशल्य. मानेला दिलेल्या झटक्याने रक्तवाहिनीस इजा होण्याचे प्रकार दुर्मीळ असले तरी गंभीर असतात. म्हणूनच मानेच्या तपासणीबाबत आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वतंत्र चौकट प्रसिद्ध केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. 'कट्ट' आवाज काढणाऱ्या चित्रफिती पाहून झटका मागणारे रुग्ण आता लहान शहरांतही येतात. त्यांना नकार देण्याचे धैर्यही प्रशिक्षणातूनच येते.

निवड कशी करावी?

प्रवेश घेण्यापूर्वी उमेदवारांनी काही गोष्टींची खातरजमा करावी. अभ्यासक्रम केवळ नोंदणीपात्र फिजिओथेरपिस्टसाठीच आहे का? प्रत्यक्ष सरावाचे तास किती आणि एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती? अखेरीस परीक्षा असते का आणि तीत कोणी अनुत्तीर्णही होते का? तपासणी, धोक्याची लक्षणे आणि व्यायाम यांना पुरेसा वेळ दिला जातो का? दोन दिवसांच्या कार्यशाळेत उपस्थितीबद्दल मिळणारे प्रमाणपत्र आणि टप्प्याटप्प्याने शिकवून परीक्षेअंती मिळणारे प्रमाणपत्र यांत मोठे अंतर आहे.

पदवीनंतर लगेच कोर्सला धावण्यापेक्षा एखाद्या रुग्णालयात वर्ष-दोन वर्षे काम करावे. कोणत्या रुग्णांच्या बाबतीत आपले ज्ञान अपुरे पडते हे त्यातून उमगते, आणि पुढे शिकलेले तंत्र दुसऱ्याच दिवशी वापरता येते. अध्यापन वा संशोधनाची ओढ असणाऱ्यांनी आधी पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करावा. खान्देशातच क्लिनिक थाटून बसू पाहणाऱ्यांनी मात्र एक उत्तम अभ्यासक्रम निवडून त्यात पारंगत व्हावे. अशांच्या बाबतीत प्रमाणपत्रावर झालेला खर्च वाया जाणार नाही.