बुडालेला वंश, तरंगत्या कथा

दुसऱ्या महायुद्धावरचे काहीही वाचायला घ्या, 'ऑपरेशन बार्बारोसा' भेटतेच. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत रशियावर केलेल्या स्वारीला ज्याचे नाव दिले, तो सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा त्याच्या साडेसातशे वर्षे आधी नदीत बुडून मेला होता. त्याचे घराणेही केव्हाच नामशेष झाले होते. होहेनश्टाउफेन हे ते घराणे. ११३८ पासून १२५४ पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, जर्मनीचे राजेपद याच घराण्यात होते. घरात आपली बाजू सांगायला कोणी उरले नाही, की गोष्ट सांगायला पुढे येतात ते जुने वैरी आणि उपटसुंभ वारसदार. या घराण्याच्या वाट्याला दोन्ही आले, आणि भरपूर आले.

आधी भाऊबंदकीचा घोळ मिटवू. १८७१ साली जर्मन साम्राज्य उभारणारे होहेनझोलर्न आणि हे होहेनश्टाउफेन ही नावे कानाला सारखी लागतात, दोन्ही घराणी मूळची दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन भागातली. म्हणून हे एकाच कुळाचे दोन फाटे असावेत असे अनेकांना वाटते. तसे काही नाही. होहेनश्टाउफेन ही ग्योपिंगेन गावाजवळची ६८४ मीटर उंचीची टेकडी. १०७९ साली सम्राट चौथ्या हेन्रीने फ्रेडरिक नावाच्या एका सरदाराला श्वाबेनची जहागीर दिली, वर आपली मुलगी आग्नेसही दिली, आणि या फ्रेडरिकने टेकडीवर किल्ला बांधला. तो किल्ला १५२५ च्या शेतकरी बंडात जळाला. पुढे त्याचे दगड ग्योपिंगेनच्या राजवाड्याच्या बांधकामाला गेले. आज तिथे पायाचे अवशेष दिसतात.

भाऊबंदकी खरी नव्हती, पण होहेनझोलर्नांना ती हवीशी होती, एवढे मात्र खरे. थुरिंगियातल्या क्यूफहाउझर डोंगराच्या पोटात बार्बारोसा दगडी मेजापाशी झोपला आहे, त्याची दाढी वाढतेच आहे आणि देशावर संकट आले की तो उठेल, ही दंतकथा जर्मनीत घरोघर ठाऊक. १८९६ साली त्याच डोंगरावर ८१ मीटर उंचीचे स्मारक उभे राहिले. खाली दगडात कोरलेला बार्बारोसा, वर घोड्यावर होहेनझोलर्न सम्राट पहिला विल्हेल्म. अर्थ उघड होता: झोपलेल्याचे काम याने पुरे केले.

गंमत अशी, की मुळात त्या डोंगरात झोपायला गेला होता तो बार्बारोसा नव्हेच, त्याचा नातू दुसरा फ्रेडरिक. हा १२५० च्या डिसेंबरात इटलीच्या दक्षिणेला, आपुलिया प्रांतात वारला आणि पालेर्मोच्या कॅथीड्रलमध्ये लाल पोर्फिरी दगडाच्या शवपेटीत त्याला ठेवले. जर्मनीतल्या लोकांनी यातले काहीच डोळ्यांनी पाहिले नव्हते, म्हणून राजा जिवंत आहे अशी आवई उठत राहिली. टिले कोलुप नावाच्या एका तोतयाने तर ऱ्हाइनकाठच्या नॉइस गावी दरबार भरवला आणि शिक्क्यानिशी सनदाही दिल्या. अखेर १२८५ साली वेट्झलारला त्याला जिवंत जाळण्यात आले. तोतयाचे बंड आपल्याकडे पेशवाईतही झाले, तेव्हा हा प्रकार मराठी वाचकाला नवा नाही. डोंगरातला राजा बदलला तो सोळाव्या शतकात. नातवाच्या जागी आजोबा आला, आणि १८१७ च्या सुमारास कवी फ्रीडरिक र्‍युकर्टच्या कवितेने त्यावर कायमची मोहर उठवली. राष्ट्रवाद्यांना आजोबा सोयीचा होता. नातू नको होता, कारण तो फारच थोडा 'जर्मन' होता.

किती थोडा? बाप सहावा हेन्री, आई सिसिलीची राजकन्या कॉन्स्टन्स. जन्म इटलीतल्या येझी गावी, २६ डिसेंबर ११९४ चा. बालपण पालेर्मोत. राजा म्हणून जर्मनीत सलग राहिला तो १२१२ ते १२२० एवढाच काळ, पुढे १२३५ नंतर थोडा. नेपल्सचे विद्यापीठ त्याने १२२४ साली स्थापले. पोपने धर्मबहिष्कृत केलेले असतानाच तो धर्मयुद्धावर गेला आणि लढाई न करता, सुलतान अल-कामिलशी तह करून, १२२९ साली जेरुसलेम मिळवले. मशिदींचा परिसर मुसलमानांकडेच राहिला. पोपच्या गोटात याचा आनंद होण्याऐवजी संताप झाला.

त्या संतापातूनच या माणसाविषयीची सर्वात चिवट कथा आली. फ्रेडरिकने म्हणे काही तान्ही मुले दायांकडे दिली, त्यांना दूध पाजा, न्हाऊ घाला पण एक शब्द बोलू नका अशी ताकीद दिली. मुले आपणहून कोणती भाषा बोलतील हे त्याला पाहायचे होते. मुले मेली. मानसशास्त्राच्या पुस्तकांतही हा 'प्रयोग' खुशाल छापला जातो. याचा आधार कोण, तर सालिम्बेने हा फ्रान्सिस्कन साधू. तो सम्राटाच्या वैऱ्यांच्या पक्षातला, आणि लिहितो आहे सम्राट मेल्यावर तीसेक वर्षांनी. शिवाय जवळपास हीच गोष्ट हेरोडोटसने सतराशे वर्षे आधी इजिप्तच्या एका राजाविषयी सांगितलेली. असे काही घडलेच नसेल असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण एका शत्रूच्या साक्षीवर कोणाला फाशी देऊ नये.

फ्रेडरिक प्रयोग कसे करी हे पाहायचे तर त्याने स्वतः ससाण्यांच्या शिकारीवर लिहिलेला ग्रंथ आहेच. गिधाडे वासाने मांस शोधतात हे खरे का, हे तपासण्यासाठी त्याने त्यांचे डोळे झाकून, नाक मोकळे ठेवून पाहिले, तेव्हा त्यांना समोरचे मांस कळेना. समुद्रातल्या लाकडाला लागलेल्या शिंपल्यांतून एका जातीचा हंस जन्मतो, असा त्या काळचा पक्का समज. याने उत्तरेतून तसले लाकूड मागवले, शिंपले निरखले, आणि पक्ष्यासारखे यात काही दिसत नाही असे लिहून ठेवले. थोर म्हटल्या गेलेल्या अॅरिस्टॉटललाही तो खोडून काढतो. मला त्या मुक्या मुलांच्या कथेपेक्षा हे शिंपले जास्त खरे वाटतात.

बार्बारोसा चिलखताच्या ओझ्याने बुडाला, हेही असेच ठोकून दिलेले. १० जून ११९० रोजी तुर्कस्तानातल्या आजच्या गोक्सू नदीत तो मेला एवढे पक्के. घोड्यावरून नदी ओलांडताना, की उन्हाने हैराण होऊन पाण्यात उतरल्यावर, याविषयी तेव्हाच्या लेखकांतच एकमत नाही. वय मात्र पासष्टीच्या पुढचे होते.

राहिला शेवट. 'कॉनराडिनबरोबर वंश संपला' हे वाक्य सगळीकडे आढळते. दुसऱ्या फ्रेडरिकचा नातू कॉनराडिन पंधराव्या वर्षी आजोबांचे राज्य परत मिळवायला आल्प्स ओलांडून गेला. ते राज्य बळकावलेल्या अंजूच्या शार्लकडून टाल्याकोत्सोला हरला. २९ ऑक्टोबर १२६८ रोजी नेपल्सच्या बाजारचौकात त्याचा शिरच्छेद झाला. तो शेवटचा औरस वारस, इतकेच म्हणावे. त्या दिवशी त्याचा काका एन्झो बोलोन्याच्या कैदेत जिवंत होता. १२४९ पासून कोंडलेला हा कवी-राजा १२७२ साली तिथेच मेला. दुसरा काका मान्फ्रेड आधीच बेनेव्हेंतोच्या रणात पडला होता, पण त्याची लहान मुले शार्लच्या तुरुंगात होती. त्यांतला हेन्री १३१८ पर्यंत जगला, म्हणजे पन्नासाहून जास्त वर्षे कैदेतच. आई-बापांच्या लग्नाविषयी शंका असल्याने मान्फ्रेडची शाखा वंशावळीत धरायची की नाही यावर वाद घालता येतो. शार्लने मात्र असला वाद घातला नाही, त्याने मुलांना सरळ कोठडीत टाकले.

एक मुलगी त्याच्या हाती लागली नाही. मान्फ्रेडची कॉन्स्टन्स १२६२ सालीच आरागॉनच्या पेद्रोला दिलेली होती. १२८२ साली सिसिलीकर शार्लच्या फ्रेंच अंमलाविरुद्ध उठले, तेव्हा पेद्रो तिच्या हक्काने बेटावर उतरला आणि राजा झाला. त्यांचा धाकटा मुलगा १२९६ मध्ये सिसिलीच्या गादीवर बसला. त्याचे नाव फ्रेडरिक. सिसिलीच्या हिशेबाने तो दुसरा होता, पण पणजोबाच्या पुढचा आकडा धरून तो स्वतःला 'तिसरा' म्हणवी.