एका चषकाची पन्नास वर्षांची वाट

मैत्रिणींनो, फुटबॉल म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याचजणी सरळ पान उलटतात. रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसलेले यजमान आणि चिरंजीव, आणि त्यांच्यासाठी पुन्हा एकदा गॅसवर चढलेला चहा, एवढाच आपला त्या खेळाशी संबंध! पण आज सांगतेय ती गोष्ट बायकांच्या फुटबॉलची आहे. खरं म्हणजे खेळापेक्षाही ती मैदानाची आहे. मैदान कुणाला द्यायचं आणि ते ठरवायचं कुणी, याची.

इंग्लंडमध्ये १९७०-७१ च्या हंगामात बायकांची एक चषक स्पर्धा सुरू झाली. आज ती ‘विमेन्स एफ. ए. कप’ म्हणून ओळखली जाते. पहिल्याच वर्षी ७१ संघांनी नावं दिली. स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे एकदा हरलं की संपलं, सामान आवरून घरी! आता तुम्ही म्हणाल, नवी स्पर्धा आणि लगेच इतके संघ आले कुठून? त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या चेंडू खेळू लागल्या आणि त्यातूनच संघ उभे राहिले. त्यांतला सर्वांत गाजलेला संघ प्रेस्टन गावच्या डिक, कर कंपनीतल्या मुलींचा. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना झाला, तेव्हा ५३,००० माणसं बघायला आली होती! जमलेला पैसा जायचा धर्मादाय कामाला.

इतकं कौतुक चाललेलं असताना ५ डिसेंबर १९२१ रोजी तिथल्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. हा खेळ बायकांना अगदीच शोभत नाही, त्याला उत्तेजन देऊ नये आणि संलग्न क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत, असा. शिवाय जमलेल्या पैशांतला फार मोठा भाग खर्चातच जातो, अशीही तक्रार जोडली होती. गंमत बघा, बायकांनी खेळू नये असा कायदा कुणी केला नव्हता. फक्त मैदान काढून घेतलं. स्वयंपाकाला मनाई नाही हो, चूल तेवढी मिळणार नाही, असंच की नाही हे?

यात मला सर्वांत खुपलेली गोष्ट निराळीच आहे. हा खेळ बायकांच्या शरीराला झेपणार नाही, असं सांगणाऱ्यांत एक डॉक्टरीणबाईही होत्या. डॉ. मेरी शार्लीब. या बाई नवऱ्याबरोबर हिंदुस्थानात आल्या होत्या आणि १८७५ मध्ये मद्रासच्या मेडिकल कॉलेजात शिकायला लागल्या. बायकांनी डॉक्टर होणं शोभत नाही, असं म्हणणाऱ्या जगात त्यांनी स्वतःची वाट काढली होती. पण दुसऱ्या बायकांच्या वाटेचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनीही ‘शोभत नाही’ हेच म्हटलं. मैत्रिणींनो, आपल्या सासरी-माहेरी, शेजारीपाजारी हा अनुभव नवा आहे का?

त्या मुली मात्र रडत बसल्या नाहीत. त्यांच्या संघांनी स्वतःची संघटना काढली आणि १९२२ मध्ये स्वतःची चषक स्पर्धाही भरवली. २४ जूनला अंतिम सामन्यात स्टोकच्या संघाने डॉनकास्टर-बेंटलीच्या संघाला ३-१ असं हरवलं. पण चांगली मैदानं नाहीत म्हटल्यावर प्रेक्षक कुठून येणार, आणि प्रेक्षक नाहीत तर पैसा कुठला? ती संघटना फार दिवस टिकली नाही. तरी बागेत, मोकळ्या माळावर बायका खेळत राहिल्या. सगळ्यांनी हात टेकले असते तर पुढे ७१ संघ आलेच नसते.

१९६६ मध्ये इंग्लंडच्या पुरुषांनी विश्वचषक जिंकला आणि मुलींच्या खेळालाही पुन्हा जोर आला. १९६९ मध्ये बायकांची नवी संघटना निघाली. त्यानंतर थोड्याच काळात तो जुना ठराव मागे घेतला गेला. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं! १९२१ मध्ये विशीत असलेली मुलगी तोवर सत्तरीची आजी झाली होती.

पहिला अंतिम सामना ९ मे १९७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर झाला. एकीकडे साऊदॅम्प्टनचा संघ, दुसरीकडे थेट स्कॉटलंडहून आलेला स्टुअर्टन अँड थिसल. साऊदॅम्प्टनने ४-१ असा विजय मिळवला, त्यांतले तीन गोल एकट्या पॅट डेव्हिसचे. पुढे १९८१ पर्यंत या संघाने तब्बल आठ वेळा चषक नेला. पण माझं मन जातं ते हरलेल्या मुलींकडे. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघटनेने बायकांवरची बंदी उठवली १९७४ मध्ये. म्हणजे या मुली शेजारच्या देशात अंतिम फेरी खेळत होत्या, तेव्हा त्यांच्या घरच्या संघटनेच्या लेखी त्यांचा खेळ खेळच नव्हता!

इंग्लंडच्या असोसिएशनने २००८ मध्ये जुन्या बंदीबद्दल माफी मागितली. २०१५ पासून बायकांचा अंतिम सामना वेम्बली स्टेडियमवर होऊ लागला आणि २०२३ मध्ये तो पाहायला ७७,३९० प्रेक्षक आले. बघायला कुणी येत नाही म्हणून मैदान देत नाही, असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे आहे. आधी मैदान द्यावं लागतं, मग माणसं येतात.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मधल्या सुट्टीत मैदानाच्या मध्यभागी मुलगे असतात आणि कडेकडेने, भिंतीला टेकून, मुली. त्यांना कुणी ‘खेळू नका’ म्हणत नाही. नुसती जागा उरत नाही! तेव्हा पुढच्या पालक सभेला जाल, तेव्हा गणिताचे मार्क विचारून झाले की आणखी एक प्रश्न विचारा: आठवड्यातून किती वेळ मैदान मुलींचं असतं? आणि संध्याकाळी लेक खेळून घामाघूम होऊन घरी आली, तर तिच्या हातात आधी पाण्याचा तांब्या द्या. ‘शोभतं का हे तुला?’ हे वाक्य आपल्या तोंडून तरी नको.