विषाचा हिशेब पुरा करणारे जीवाणू

ड्रायक्लीनिंगसाठी वापरले जाणारे टेट्राक्लोरोइथिलीन जमिनीत झिरपले, की भूजलात खोल उतरून दीर्घकाळ टिकते. अनेक जीवाणू त्यातील क्लोरीन काढू लागतात. परंतु काम अर्धवट राहिल्यास मूळ विषाहून घातक, कर्करोगकारक व्हिनाइल क्लोराइड साचते.

१९९७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी इथाका शहराच्या सांडपाणी प्रकल्पातील गाळातून डिहॅलोकोकॉइडिस हा जीवाणू वेगळा केला. प्राणवायूविना जगणारा हा जीव श्वसनासाठी क्लोरीनयुक्त द्रव्येच वापरतो. शेवटी उरते ते इथिलीन, म्हणजे फळे पिकताना निघणारा वायू.

आता दूषित भूजलात सोयाबीन तेल सोडतात. ते कुजताना निघणाऱ्या हायड्रोजनवर हे जीवाणू पोसले जातात. तरीही शुद्धीकरणास अनेक वर्षे लागू शकतात. म्हणून गळती मुळातच रोखणे, हाच शहाणपणाचा व्यवहार होय.