डोक्यास मार लागलेला मुलगा घरी आल्यावर



या पानावर आपण एरवी बेणे, खताचे हप्ते, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. या अंकात विषय निराळा घेतला आहे. ऊस नोंदीसाठी शिवारात हिंडताना मला अशी काही घरे भेटली, जिथे कर्ता मुलगा मोटारसायकलवरून पडून किंवा रात्री दिवा नसलेल्या ट्रॉलीला धडकून डोक्यास जबर मार लागून बसला आहे. जीव वाचला, टाके निघाले, केस वाढले. गाव म्हणते, 'बरा झाला.' घरात मात्र आईबाप हळू आवाजात सांगतात, "साहेब, ह्यो आमचा पोरगाच न्हवं."

मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका झालेला माणूस. परंतु या घरांना जे अनुभवाने कळले आणि तज्ज्ञांकडून जे समजले, ते सर्व सभासदांपर्यंत जावे म्हणून हे लिहीत आहे. हंगाम सुरू झाला की रस्त्यावर वाहने वाढतात. असा प्रसंग कोणाच्या घरी येईल ते सांगता येत नाही.

मेंदूत नेमके काय होते

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा, घट्ट लागलेल्या दह्यासारखा मऊ, आणि कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डब्यात दही घेऊन निघालो आणि गाडीला एकदम ब्रेक लागला, तर दही कसे पुढे आदळते आणि मागे येते, तसेच मेंदूचे होते. कवटीच्या आतल्या बाजूस पुढे हाडाच्या कडा असतात. त्यामुळे कपाळामागचा आणि कानाजवळचा भाग जास्त दुखावतो. कपाळामागचा भाग हा घरातला कारभारी समजा. काम ठरविणे, ते आपणहून सुरू करणे, राग आवरणे, कुठे काय बोलू नये हे समजणे, ही कामे त्याच्याकडे. कानाजवळच्या भागाकडे नवी आठवण साठविण्याचे काम. याखेरीज मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. ते सी.टी. स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतसुद्धा नाहीत. म्हणून 'स्कॅन चांगला आलाय, मग हा असा का वागतो?' या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

दवाखान्याच्या कार्डावर 'जी.सी.एस.' असे लिहून पुढे एक आकडा असतो. ही मोजणी ग्लासगो शहरातील टीझडेल व जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली बसविली. डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलविणे यांवरून ३ ते १५ गुण देतात. १५ म्हणजे पूर्ण शुद्ध. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे मार गंभीर. तो आकडा आईबापांनी विचारून लिहून ठेवावा, पुढे प्रत्येक डॉक्टर तो विचारतो.

स्वभाव बदलणे हाही या दुखापतीचाच भाग असतो, हे वैद्यकशास्त्राला उमगू लागले ते अमेरिकेतील एका मुकादमामुळे. फिनिअस गेज त्याचे नाव. रेल्वेच्या कामावर १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांची, सहा किलो वजनाची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून माथ्यातून बाहेर पडली. वय पंचवीस. गडी वाचला, चालू-बोलू लागला. पण पूर्वी कामाला चोख असलेला हा मुकादम शिवराळ आणि धरसोड करणारा झाला, कंपनीने त्यास परत घेतले नाही. हे अनेकांनी वाचलेले असते. पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. हाच गेज नंतर चिली देशात गेला आणि तिथे काही वर्षे घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. रोज तीच वेळ, तोच रस्ता, तेच जनावर. ठरलेल्या कामाच्या चाकोरीने त्याला सावरले असावे, असे अलीकडचे अभ्यासक मानतात. प्रकृती ढासळल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोला आपल्या आईकडे आला. झटके येऊ लागले आणि १८६० मध्ये त्याचा अंत झाला. शेवटी सांभाळले ते आईनेच.

एका घरची हकीकत

आमच्या भागातील एका सभासदाचा मुलगा, वय सव्वीस. अकरा दिवस बेशुद्ध होता, डोक्यातली रक्ताची गाठ काढावी लागली. महिन्याने घरी आला. पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने सुधारला, चालू लागला, जेवू लागला. मग खरा त्रास सुरू झाला. सकाळी उठून उंबऱ्यावर बसे तो दुपारपर्यंत. सांगितले तर काम करी, आपणहून उठत नसे. मोटार चालू करून विसरे, आणि एका रात्रीत सगळा प्लॉट तुंबला. तेच तेच पाच वेळा विचारी. पोरांचा गलका झाला की ताट भिरकावी. "मला काय झालंय? ट्रॅक्टर द्या," एवढा एकच धोशा. न झालेल्या गोष्टी झाल्या म्हणून सांगे.

वडिलांना वाटे पोरगा आळशी झाला, खोटे बोलतो, कुणाच्या नादाने दारू पितो. दोघांत रोज खडाजंगी. कोणी म्हणाले बाहेरचे आहे, एका भगताकडे दोन वाऱ्याही झाल्या. अखेर तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी वडिलांना बाजूला बसवून सांगितले, की न उठणे, विसरणे, भडकणे, सगळी त्या माराचीच लक्षणे आहेत. त्याला स्वतःतली उणीव दिसत नाही, हेसुद्धा लक्षणच. आणि आठवणीत पडलेली खिंडारे मेंदू आपल्या आपण भरून काढतो. पोरगा खोटे बोलत नसतो, त्याला ते खरेच वाटत असते.

हे कळल्यावर घराची रीत बदलली. आईने दोनशे पानी वही आणली. सकाळी त्यात दिवसाची कामे एकाखाली एक लिहायची, झाले की त्यानेच रेघ मारायची. मोबाईलवर गजर लावले: गोळी, अंघोळ, धार, मोटार बंद. एका वेळी एकच काम सांगायचे. 'वैरण टाक, मग पाणी पाज, येताना खुरपं आण' असे तीन हुकूम एकदम नाहीत. दुपारी दोन तास अंधाऱ्या खोलीत झोप, टी.व्ही. बंद. मेंदूचा हा थकवा आपल्या अंगमेहनतीसारखा नसतो. अर्धा तास चार माणसांत बसला तरी तो गळून जातो आणि मग चिडतो. भडकला की वाद घालायचा नाही. विषय बदलायचा, नाहीतर आपणच अंगणात जायचे.

भेटायला येणाऱ्यांचाही बंदोबस्त करावा लागला. जो येई तो विचारी, "मला वळखलंस का?" पोराची ती रोजची परीक्षाच. मग आईनेच सांगायला सुरुवात केली, की येताना आपले नाते सांगत यावे, 'मी तुझा थोरला मामा' असे, आणि दोनाहून जास्त माणसांनी एकदम बसू नये. काही पाहुणे रुसले. रुसू द्यावेत.

आणखी एक. आई सुरुवातीला त्याच्या शर्टाची बटणेसुद्धा लावी. भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी तिला हात मागे घ्यायला सांगितले. दहा मिनिटे लागतील, लागू देत. मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत, पण शाबूत भाग सरावाने काही कामे उचलतो. मुख्य पाट फुटला की आपण आडवी दांड काढून पाणी फिरवतो, तसे. मात्र दांडेतून पाणी सोडल्याशिवाय ती वाहती राहत नाही. आई सांगते, "बघत बसणं लई अवघड गेलं, साहेब. हात आपसूक पुढं जायाचा."

अडीच वर्षे झाली. आज तो दोन म्हशींचे सगळे बघतो, डेअरीचा हिशेब वहीत उतरवतो. दिवसपाळीचे पाणी एकटा देतो, रात्रपाळीला वडील बरोबर असतात. ट्रॅक्टर चालवत नाही. पहिल्यासारखा झाला का? नाही. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगाने होते, पुढे वर्ष-दोन वर्षे सावकाश, आणि त्यानंतरही थोडी थोडी चालू राहते. लागणीचा उतारा खोडव्याकडून मागू नये, आणि खोडवा मोडूनही टाकू नये.

जिथे घाई नको, आणि जिथे उशीर नको

ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबाकुट्टी आणि उघडी विहीर यांपासून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत दूर ठेवावे. या घरी ट्रॅक्टर पुतण्याच्या हवाली केला, चावी घरात ठेवलीच नाही. नकार देताना 'मी नको म्हणतो' असे म्हणू नये, 'डॉक्टर नको म्हणतात' असे म्हणावे. बाप-लेकातले निम्मे भांडण तिथेच मिटते. दुखावलेल्या मेंदूवर दुसरा मार फार महाग पडतो. दारू तर पूर्ण बंद, कारण तिने झटक्यांचा आणि पडण्याचा धोका वाढतो.

झटका, म्हणजे फिट, अपघातानंतर महिन्यांनी, कधी वर्षांनीही प्रथम येऊ शकतो. त्या वेळी कांदा, चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, दाबून धरू नये. कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबला नाही, लागोपाठ दुसरा आला, किंवा पहिलाच असेल, तर ताबडतोब १०८ ला फोन करावा. झटक्याच्या गोळ्या 'आता बरं वाटतंय' म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत.

वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, न आवरणारी गुंगी, एका बाजूच्या हातापायात कमजोरी, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. घरातील म्हाताऱ्या माणसास साधा मार लागला असला तरी दोन-तीन आठवड्यांनीही कवटीत हळूहळू रक्त साठून अशी लक्षणे दिसतात. तेव्हा 'ते तर मागंच पडलं होतं' म्हणून सोडून देऊ नये.

आता लग्नाचे. या मुलाची सोयरीक अपघाताआधी ठरली होती. 'लग्न लावून दिलं की सुधारंल' असे सांगणारे दहा जण भेटले. माझे स्पष्ट मत असे, की लग्न हे या दुखण्यावरचे औषध नव्हे, आणि दुसऱ्याच्या लेकीपासून ही गोष्ट लपविणे तर सरळ अन्याय आहे. या वडिलांनी मुलीच्या घरी जाऊन सगळे सांगितले. सोयरीक मोडली. वडिलांना ते फार लागले. पण त्या घरी आजही त्यांना चहा मिळतो.

दुसरी गोष्ट सहीची. असा तरुण गोड बोलणाऱ्याला चटकन भुलतो. सोसायटीच्या कर्जाला जामीन म्हणून सही घेणे, उसने म्हणून मोबाईलवरून पैसे वळते करून घेणे, असे प्रकार घडतात. आपला पोरगा असा आहे हे सोसायटीच्या सचिवांना व बँकेत वेळीच सांगून ठेवावे. त्यात लाज कसली? त्याच्या हाती खर्चाला पैसे जरूर द्यावेत, पण थोडे आणि आठवड्याचे.

सांभाळणाऱ्याचेही हाल असतात. ही आई दीड वर्ष माहेरी गेली नव्हती, तिचा रक्तदाब वाढला. मग चुलतभाऊ आणि बहीण यांनी पाळी लावली. आठवड्यातील एक दिवस तिचा. पाण्याला पाळी लागते तशी माणसालाही लागते. मुलगा उदास, गप्प राहू लागला, जीव नकोसा झाल्याचे बोलला, तर तेही डॉक्टरांना सांगावे. या दुखापतीनंतर नैराश्य पुष्कळांना येते आणि त्यावर उपचार आहे.

राहिली कागदपत्रे. वाहन अपघात असेल तर पोलीस ठाण्यातील नोंद, पंचनामा, दवाखान्याचे कार्ड, सर्व बिले आणि स्कॅनच्या फिल्म एका फाईलीत ठेवाव्यात. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करण्याची मुदत कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून घातलेली आहे. 'पोरगा पुरता बरा होऊ दे, मग बघू' असे म्हणण्यात ती निघून जाते. म्हणून वकिलांना लवकर भेटावे. हातापायाची कमजोरी किंवा वाचा जाणे कायमचे राहिले, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकते. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा अधिक प्रमाण लागते. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. जाताना मूळ कागद दाखवून झेरॉक्स प्रत द्यावी, मूळ कागद कोणाच्याही हाती सोडून येऊ नये.