त्वचेची वानगी

पोते उघडून मूठभर दाणे तळहातावर घेतल्याशिवाय धान्याचा सौदा होत नाही. त्वचेच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी क्वचितच पाळली जाते. घरात कोणाला खाज सुटली की दुकानातून मलम येते. खाजेचे कारण काय, हे कोणी पाहत नाही.

निरोगी त्वचेवरही असंख्य जीवाणू व बुरशी वसत असतात. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी, तर काही उपकारकच असतात. तेलकट कपाळ, दमट काख आणि कोरडा हात यांवरील वस्ती निरनिराळी असते. म्हणून नमुना कोठून घेतला, याची नोंद आवश्यक ठरते. सामान्यतः निर्जंतुक, ओलसर कापसाचा बोळा ठरावीक जागेवर फिरवून नमुना घेतात. त्यासोबत त्वचेला न लावलेला एक कोरा बोळाही तपासतात. त्यावर जे आढळेल, ते हवेतून वा साहित्यातून आलेले असते.

ओळख पटविण्याची जुनी रीत म्हणजे पोषक माध्यमावर जंतूंची वाढ करणे. परंतु जे वाढतात तेच दिसतात. अनेक जाती प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. त्यामुळे आता नमुन्यातील डीएनए वेगळा करून ‘१६ एस’ नावाच्या जनुकावरून जीवाणू ओळखतात. मात्र या रीतीत मृत जीवाणूही मोजले जातात.

पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने सहा एकत्र कुटुंबांतील ५४ निरोगी व्यक्तींची त्वचा, मुख व आतडे यांतील जीवाणू तपासले. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एका छताखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांचे राहणीमान सारखे असल्याने वयाचा परिणाम वेगळा काढता आला. पिढ्यांनुसार प्रमाण बदललेले जीवाणू-गट आतड्यात १.०३ टक्के, त्वचेवर २.६८ टक्के, तर मुखात ८.६६ टक्के आढळले. आपली एकत्र कुटुंबपद्धती अशा रीतीने विज्ञानाच्या उपयोगी पडली.

एकत्र राहण्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावयास हवी. टॉवेल व कपडे सामाईक असले की गजकर्ण घरभर पसरते. स्टिरॉइडयुक्त मलमाने लाली व खाज दबते, पण बुरशी आतल्या आत फोफावते आणि पुढे उपचार लांबतात. गजकर्णाची तपासणी मात्र सोपी आहे. चट्ट्याच्या कडेची त्वचा हलकेच खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात; त्वचेच्या पेशी विरघळून बुरशीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. निदान बहुधा त्याच दिवशी होते.

तपासणीपूर्वी मलम लावल्यास बुरशी सापडेलच असे नाही. म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, वानगी तपासून घ्यावी आणि मगच औषध सुरू करावे. घरातील इतर कोणास तसाच चट्टा असल्यास त्यालाही सोबत न्यावे.