गोलरक्षक मास्तर

खेळाडूचं खेळणं तिशी-पस्तिशीत थांबतं आणि आयुष्य तर पुष्कळ उरलेलं असतं. मी शाळेत खेळाचा शिक्षक. ‘पोराला फुटबॉल खेळू द्यावा, पण पुढे काय?’ हे पालक मला नेहमी विचारतात. अशा वेळी मी त्यांना बॉब विल्सन या गोलरक्षकाबद्दल सांगतो.

विल्सनचा जन्म १९४१ मधला, इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डचा. पोरवयात मँचेस्टर युनायटेडनं त्याला बोलावलं, पण वडिलांनी करारावर सही करू दिली नाही. खेळाच्या भरवशावर पोट कसं भरायचं, ही त्यांची काळजी. मुलगा लफबरोला शिकून शिक्षक झाला. १९६३ मध्ये तो लंडनच्या आर्सेनल क्लबकडे आला, तोही हौशी खेळाडू म्हणून. संघात जागा पक्की व्हायला १९६८ उजाडलं. १९७०-७१ च्या हंगामात मात्र आर्सेनलनं लीग आणि एफ. ए. कप दोन्ही जिंकले.

त्या कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा पहिला गोल विल्सनवरच झाला. डावीकडून आत आलेला हायवे चेंडू मध्ये देईल असं समजून विल्सन जवळच्या खांबापासून जरा सरकला आणि फटका नेमका त्याच फटीतून आत गेला. नंतर आर्सेनलनं दोन गोल करून सामना जिंकला.

गोलरक्षकाचं काम कसं असतं, ते यातून कळतं. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. एवढी जागा उभ्याउभ्या झाकणं कुणालाच शक्य नाही. म्हणून तो चेंडूच्या दिशेनं पुढे येतो. तो जवळ आला की मारणाऱ्याला दोन्ही बाजूंची मोकळी जागा कमी दिसते. मात्र फार पुढे आला तर चेंडू डोक्यावरून जातो. कुठं उभं राहायचं, हे क्षणात ठरवायचं आणि पुढच्या बचावपटूंनाही ओरडून सांगायचं. सगळं मैदान समोर असणारा संघातला तो एकटाच!

१९७४ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, विल्सन निवृत्त झाला आणि बीबीसीवर ‘फुटबॉल फोकस’ सादर करू लागला. १९९४ पर्यंत तो बीबीसीवर होता, पुढे आयटीव्हीवर गेला. एकीकडे स्टुडिओ, तर दुसरीकडे आर्सेनलच्या गोलरक्षकांचा सराव. गोलरक्षकासाठी वेगळा प्रशिक्षक ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. पॅट जेनिंग्ज, डेव्हिड सीमन यांच्यासारख्या गोलरक्षकांचा सराव त्यानं घेतला. हे काम २००३ पर्यंत चाललं.

नीट पाहायचं आणि दुसऱ्याला समजेल असं सांगायचं, हे वर्गात लागतं, मैदानावर लागतं आणि कॅमेऱ्यासमोरही लागतं. वडिलांनी धरलेला शिक्षणाचा आग्रह असा तिन्ही ठिकाणी उपयोगी पडला. म्हणून मी पालकांना म्हणतो, खेळ आणि अभ्यास यांतलं एक सोडायला मुलाला सांगू नका. कुणास ठाऊक, पुढे दोन्ही एकाच कामात उपयोगी पडतील!